माजघरापर्यंत कोण आलं?



सुरुवातीला एक विनंती. अशा कार्यक्रमांत मोबाईल बंद करायला सांगतात. मी उलट सांगतो, मोबाईल हाताशी ठेवा. शेवटी त्यांची गरज लागणार आहे.

मी अकरा वर्षं गुडगावमध्ये जाहिरात-तंत्रज्ञानाच्या धंद्यात होतो. तुम्ही एखादा बूट ऑनलाइन बघता, घेत नाही, आणि मग आठवडाभर तो बूट तुमच्या मागे फिरतो. बातमी वाचायला गेलात तिथे बूट, क्रिकेटचा स्कोअर बघायला गेलात तिथे बूट. तो बूट मागे लावणाऱ्या हजारो माणसांपैकी मी एक. आमच्याकडे ग्राहक कंपन्यांना दाखवायची एक स्लाइड होती, 'एक घर, अनेक पडदे' नावाची. घरातल्या एकानं काही शोधलं, तर त्या घरातल्या बाकीच्यांच्या मोबाईलवर आणि टीव्हीवरही आपण पोचू शकतो, असं ती स्लाइड सांगायची. ती मी अनेकदा दाखवली आहे. लोक खूश व्हायचे. मीही व्हायचो.

मग एका हिवाळ्यात आई सोलापूरहून आमच्याकडे नोएडाला आली. तिला एक गाठ आली होती. इथल्या डॉक्टरांनी पहिल्या तपासणीनंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, की लक्षणं बरी दिसत नाहीत, पण पक्कं काही आठवड्याभरानं कळेल. मी पुण्याला ताईला फोन केला. आम्ही दोघांनी ठरवलं, पक्का रिपोर्ट येईपर्यंत आईला काही बोलायचं नाही. चूक की बरोबर, ते सोडून द्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी हेच केलं असतं.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. जे जे माणूस अशा वेळी शोधतो ते सगळं शोधलं. आजाराचं नाव, खर्च, दिल्लीतली रुग्णालयं, केस गळतात का, किती दिवस लागतात. एका ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यासाठी अर्ज भरला. अर्जात मोबाईल नंबर मागितला होता. रुग्ण आई, म्हणून मी आईचाच नंबर टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई सोफ्यावर बसून कीर्तन बघत होती. मी चहा घेऊन गेलो. ती म्हणाली, "अरे, माझ्या मोबाईलला काय झालंय बघ. कालपासून सारखं एकच दाखवतोय." मी बघितलं. कर्करोगाच्या उपचारांची जाहिरात होती. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्हाला कळलंय ना? मग मला का नाही सांगितलं?"

मंडळी, ज्या बातमीसाठी आम्ही दोघं भावंडं रात्र रात्र शब्द शोधत होतो, ती बातमी तिला एका जाहिरातीनं दिली होती. आणि ती कशी दिली गेली असेल, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेऊ. फोन आपलं बोलणं ऐकतो का? लोकांना तसं वाटतं, कारण जाहिराती इतक्या अचूक येतात. पण त्यासाठी ऐकण्याची गरजच पडत नाही. आपण स्वतःच इतकं सांगत असतो.

१९९४ सालची गोष्ट. नेटस्केप या कंपनीत लू माँटुली नावाच्या तरुण अभियंत्यानं कुकी शोधून काढली. त्याच्यापुढची अडचण साधी होती. संकेतस्थळाला आठवण नसायची. तुम्ही खरेदीच्या टोपलीत एक वस्तू टाकून पुढच्या पानावर गेलात, की आधीचा माणूस तुम्हीच, हे त्याला कळत नसे. म्हणून त्यानं तुमच्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण ठेवण्याची सोय केली. देवळाबाहेर चप्पल ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसं. बिल्ला दाखवा, तुमची चप्पल मिळेल. यात वाईट काहीच नाही.

आता कल्पना करा, पंढरपूर, तुळजापूर, शिर्डी, सगळीकडचा चप्पल स्टँड एकाच माणसानं चालवायला घेतला. प्रत्येक ठिकाणी तो तुम्हाला तोच नंबर देतो. कोणत्या दिवशी कुठल्या देवाला गेलात, किती वेळ उभे राहिलात, कुठे नवस बोललात, सगळं त्या नंबरापुढे लिहीत जातो. तुमचं नाव त्याला माहीत नाही. पण काय मागायला गेला होतात, ते माहीत आहे. ही झाली दुसऱ्याच कंपनीची कुकी, जिला थर्ड पार्टी कुकी म्हणतात. तुम्ही वाचता एक वर्तमानपत्र, आणि खूण ठेवून जाते तिसरीच कंपनी, जिचं नावही तुम्ही ऐकलेलं नसतं.

मोबाईलवर याची सोय आणखी पक्की आहे. अँड्रॉइड असो वा आयफोन, फोनला जाहिरातींसाठीचा एक वेगळा क्रमांक असतो. तुम्ही टाकलेल्या कितीतरी ॲप्सच्या पोटात दुसऱ्या कंपन्यांचे छोटे तुकडे बसवलेले असतात. टॉर्चचं ॲप, पंचांगाचं ॲप, पत्त्यांचा खेळ. ते तुकडे हा क्रमांक आणि सोबत बाकीची माहिती आपापल्या मालकाकडे पाठवत राहतात.

मग होतो लिलाव. तुम्ही पान उघडता आणि जाहिरातीची जागा भरते, या मधल्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात, तुमची बोली लागते. साधारण कुठे आहे, कोणता फोन, कोणत्या विषयात रस, हे अनेक खरेदीदारांना एकदम कळवलं जातं. जो जास्त पैसे देईल त्याची जाहिरात दिसते. यातली मेख अशी, की जिंकतो एकच, पण माहिती हरणाऱ्यांनीही पाहिलेली असते.

आता माझ्या घरातलं उदाहरण घ्या. घरातला लॅपटॉप आणि आईचा मोबाईल एकाच वायफायवर. बाहेरच्या जगाला दोन्हींचा पत्ता एकच दिसतो. रोज रात्री ही दोन यंत्रं एकाच पत्त्यावर असतात, म्हणजे घर एकच, असा हिशोब मांडता येतो. ही पहिली वाट. दुसरी वाट मी भरलेल्या अर्जाची. व्यवसाय आपल्या ग्राहकांचे नंबर सांकेतिक रूपात जाहिरात कंपन्यांकडे देतात, तिथे ते जुळवले जातात, आणि जुळलेल्या माणसांना जाहिराती दिसतात. या वाटा मीच लोकांना विकल्या होत्या. आणि तक्रार करायला निघालो तेव्हा दार सापडेना. अर्ज घेणाऱ्यांनी जाहिरातवाल्यांकडे बोट दाखवलं, जाहिरातवाल्यांनी मध्यस्थाकडे, आणि मध्यस्थानं उत्तरच दिलं नाही.

मी हे सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "कर नाही त्याला डर कशाला?" माझा त्यावर एकच प्रश्न असतो. आईनं काय केलं होतं?

आपल्या भाषेत एक घोटाळा झालाय. प्रायव्हसीला आपण गोपनीयता म्हणतो. गोपनीयता म्हटलं की गुपित आलं, आणि गुपित म्हटलं की काहीतरी लपवाछपवी आली. मला खासगीपणा हा शब्द बरा वाटतो. जुन्या घरात ओसरी असायची आणि माजघर असायचं. ओसरीवर कोणीही यावं, पाणी प्यावं, गप्पा माराव्यात. माजघरात बोलावल्याशिवाय कुणी येत नसे. माजघरात काही चोरीचा माल नसायचा. तिथे बाळंतीण असायची, आजारी माणूस असायचा, रडणारं कुणीतरी असायचं.

आता दिल्लीकडे वळू, कारण या हक्काची मोठी लढाई माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, सर्वोच्च न्यायालयात झाली.

तिची सुरुवात जुनी आहे. उत्तर प्रदेशात खडक सिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा संशय होता. पुराव्याअभावी तो सुटला. तरी पोलिसांनी त्याची हिस्ट्री शीट उघडली. रात्री-अपरात्री दार वाजवायचं, घरात आहे का बघायचं, कुठे जातो याची नोंद ठेवायची. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये निकाल लागला. रात्री दार वाजवणं न्यायालयानं बेकायदा ठरवलं, पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं बहुमतानं मानलं नाही. पाळत ठेवून नोंदी करण्याला त्यामुळे मोकळीकच राहिली. १९५४ च्या एका निकालातही असंच म्हटलं गेलं होतं. पुढच्या काळात न्यायालयानं हा हक्क अनेक निकालांत मानला खरा, पण हे दोन जुने निकाल मोठ्या पीठांचे होते. २०१५ मध्ये आधारच्या खटल्यात केंद्र सरकारनं त्यांच्याच आधारावर युक्तिवाद केला, की राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही.

याचिका होती के. एस. पुट्टस्वामी यांची. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये याचिका केली तेव्हा वय ८६. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या पीठावरची तीन आडनावं आपल्या ओळखीची आहेत: बोबडे, सप्रे आणि चंद्रचूड. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकालही चुकीचा ठरवला गेला. त्या जुन्या निकालात बहुमताच्या बाजूला त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. आणीबाणीत माणसाला विनाचौकशी डांबलं तर तो न्यायालयात दाद मागू शकत नाही, असं तेव्हा म्हटलं गेलं होतं. मुलानं वडिलांचा निकाल खोडला. पुट्टस्वामी ऑक्टोबर २०२४ मध्ये वारले, वयाच्या ९८ व्या वर्षी.

हक्क कागदावर आला. पण रस्त्यावर काय? मे २०२०, टाळेबंदीचे दिवस. आमच्या नोएडाच्या पोलिसांनी आदेश काढला, की स्मार्टफोन असूनही आरोग्य सेतू ॲप नसेल तर तो भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली गुन्हा. ते ॲप ब्लूटूथ आणि ठावठिकाणा, दोन्ही वापरत होतं. भाजी आणायला जाताना माणसं ॲप चालू आहे ना ते तपासायची. त्या वेळी भीती खरी होती, साथ खरी होती, हे मी नाकारत नाही. मीही ते ॲप घेतलं होतं. पण खिशात एक ॲप नाही म्हणून गुन्हेगार, हे घटनेत बसतं का, असा प्रश्न विचारला गेला आणि त्याला कायदेशीर आव्हानही दिलं गेलं. केंद्रानं १७ मेच्या सूचनांत आपली भाषा सौम्य केली. कर्मचाऱ्यांच्या फोनवर ॲप असावं यासाठी मालकांनी शक्य तितका प्रयत्न करावा, एवढंच म्हटलं.

कंपन्यांचंही तसंच. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं आपली माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं, तेव्हा दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेव्हा निदान जुन्या वापरकर्त्यांना नाही म्हणायची सोय होती. जानेवारी २०२१ मध्ये तीही गेली. मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. आता सांगा, सोडणार कसं? शाळेचा ग्रुप तिथे, सोसायटीचा तिथे, गावाकडच्या भावकीचा तिथे. दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगानं हेच हेरलं. ज्याच्यापुढे पर्याय नाही त्याची संमती ती संमती नव्हे, अशा अर्थानं आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं काही भाग बदलला, पण दंड कायम ठेवला.

आता नवा कायदा. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ मध्ये अहवाल दिला. मसुदे आले, मागे घेतले गेले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं मात्र नियम निघाल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतील.

त्यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागेल. म्हणजे मराठीतही. नागपूर असो, बेळगाव असो, इंदूर असो की दिल्ली, मराठीत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. दोन, संमती ठरावीक कामापुरतीच. कायद्यात उदाहरणच दिलंय: फोनवरून डॉक्टरी सल्ला देणाऱ्या ॲपनं तुमची संपर्क यादी मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी ती संमती सल्ल्याच्या कामापुरतीच धरली जाईल, कारण सल्ल्याला संपर्क यादी लागत नाही. तीन, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती काढून घेता आली पाहिजे. चार, १८ वर्षांखालच्या मुलांच्या वागण्याचा माग काढायला आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, काही सवलती सोडल्या तर. कायदा मोडल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो.

आणि कायद्यातली भोकंही बघा. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना यातून सूट देऊ शकतं. शिवाय याच कायद्यानं माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(जे) हे कलम बदललं. आधी वैयक्तिक माहितीसुद्धा व्यापक जनहित असेल तर मिळू शकेल, असं त्या कलमातच लिहिलेलं होतं. ते शब्द गेले. जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद त्या कायद्यात दुसरीकडे आहे, पण नकार देणं आता सोपं झालं, अशी कार्यकर्त्यांची तक्रार आहे. केंद्राच्या आधी माहिती अधिकाराचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे बोचायला हवं. सामान्य माणसाचं माजघर झाकायला आणलेल्या पडद्याआड सरकारी कचेरीचं कपाट लपायला नको.

मे २०२७ पर्यंत हातावर हात धरून बसायचं का? नाही. काढा मोबाईल.

अँड्रॉइडवाल्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन शोधाच्या चौकटीत 'ॲड्स' लिहा. जाहिरात क्रमांक काढून टाकायचा पर्याय दिसेल. तो दाबा. आयफोनवाल्यांनी प्रायव्हसीमध्ये जाऊन 'ट्रॅकिंग' बंद करा. २०२१ पासून तिथे ॲपला माग काढायच्या आधी तुम्हाला विचारावं लागतं. तुमचा फोन यानं कमी चालणार नाही, फक्त बिल्ल्याचा नंबर जाईल.

दुसरं, ठावठिकाणा. पंचांगाच्या ॲपला तुम्ही आत्ता कुठे आहात हे सतत कळायची गरज नाही. 'वापरत असतानाच' एवढीच परवानगी ठेवा.

तिसरं, ब्राउझर. सफारी आणि फायरफॉक्स माग काढणाऱ्या परक्या कुकी मुळातच अडवतात. क्रोम त्या बंद करणार असं गूगलनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं, पण पुढे तो विचार सोडला. तिथे तुम्हालाच सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद कराव्या लागतील. एक सावध करतो: खासगी विंडो उघडली की कुणाला काही दिसत नाही, हा गैरसमज आहे. तिथला इतिहास तुमच्या यंत्रावर राहत नाही, एवढंच. पलीकडच्याला तुमचा पत्ता दिसतोच.

चौथं, मोबाईल नंबर. दिल्ली, नोएडा, गुडगावात आज फाटकावर नंबर, मॉलमध्ये नंबर, औषधाच्या दुकानात नंबर. बिलासाठी नंबरची सक्ती करू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना केली आहे. पुढच्या वेळी काउंटरवर विचारलं, की हसून म्हणा, "नंबरशिवाय बिल करा." दोनदा म्हणावं लागतं. मग होतं.

आणि पाचवं, जे मी शिकलो. दुसऱ्याचा नंबर कुठल्याही अर्जात भरण्याआधी त्याला विचारा. ती चूक कुठल्या कंपनीची नव्हती. ती माझी होती.

मी तो धंदा सोडून आता बराच काळ झाला. आई बरी आहे. उपचार झाले, तपासण्या चालू असतात. सध्या सोलापूरला आहे आणि कीर्तन अजून मोबाईलवरच बघते.

या व्याख्यानाचं ठरलं तेव्हा मी तिला फोन केला. म्हटलं, "तुझी गोष्ट लोकांसमोर सांगितली तर चालेल का? व्हिडिओ होणार आहे, पुढे पुस्तकही निघेल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सांग. चार लोकांना उपयोग होणार असेल तर सांग. पण गाठ कुठे आली होती, ते सांगू नकोस."

नाही सांगितलं.